घरात फ्रीज नाही, दिवाळीनंतर पाडा रिकामा: गरोदरपणातली शुगर कशी सांभाळायची?

सातपुडा_उपकेंद्र (प्रश्न)

नमस्कार. धडगाव-मोलगी पट्ट्यातल्या एका उपकेंद्रासाठी विचारतेय. पाडे डोंगरात विखुरलेले, बायका दीड-दोन तास चालत येतात. बऱ्याच घरांत फ्रीज नाही. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे निघतात, ती होळीच्या सुमारास परत. जीडीएमची, म्हणजे गरोदरपणातल्या मधुमेहाची, तपासणी आणि पुढची देखभाल शहरातल्या बाईइतकीच नीट इथल्या बाईला कशी मिळेल?

नेमकं अडतं ते असं. ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीचे आकडे विश्वासाचे वाटत नाहीत; आज १५२ आणि आठवड्याने त्याच बाईचा ११८. मशीन चुकतंय की पद्धत? आहाराच्या छापील तक्त्यात ओट्स आणि सफरचंद, इथे मक्याची-ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, भगर, रानभाज्या. इन्सुलिन लागलं तर मे महिन्यात ठेवायचं कुठे? पाचव्या-सहाव्या महिन्यात बाई कामाला बाहेर गेली तर पुढे कोण बघणार? आणि "चाळीस किलोची बाई, हिला कसली शुगर" असं घरचे म्हणतात, कधी आपल्यातलेही म्हणतात. त्याला काय सांगायचं?

काचनळी_चोपडा

ताई, मशीनला दोष द्यायच्या आधी ग्लुकोज तोला. १०० ग्रॅमच्या पुड्यातून "पाऊण पुडा" अंदाजाने काढला की कधी ६५ जातं, कधी ८५. चमच्याचं माप तर सोडूनच द्या, शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांत दीडपट फरक पडतो. छोटा डिजिटल काटा घ्या, ७५ ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात ग्लुकोज ओल धरून गठ्ठे होतात. पुडा साध्या ग्लुकोजचा हवा, फळांच्या स्वादाचा नको. पुड्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यायचं, ते ७५ ग्रॅम कोरड्या ग्लुकोजइतकं भरतं. सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत संपवायचं. एका दमात पाजलं की मळमळतं. माठातलं गार पाणी वापरलं तर सहज जातं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने. अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवा.

ही चाचणी उपाशीपोटीच हवी असं नाही. बाई भाकर खाऊन आली म्हणून "उद्या उपाशी ये" असं सांगून परत पाठवली की ती उद्या येत नाही. दोन तास डोंगर उतरून आलेल्या बाईला याच चाचणीने त्याच दिवशी उत्तर मिळतं, म्हणून आपल्या भागात हिचं मोल मोठं आहे.

वेळेचं मात्र काटेकोर पाळा, रक्त घ्यायचं ते बरोबर दोन तासांनी. पहिला घोट घेतला ती वेळ कार्डावर लिहा, मोबाईलमध्ये गजर लावा. दीड तासाला रक्त घेतलं तर आकडा फुगतो, अडीच तासाला घेतलं तर उतरतो. मधल्या वेळात खाणं नाही, चहा नाही, बाजारात चक्कर नाही. चालून आलेल्या बाईची शुगर खाली येते आणि आजार निसटतो. साधं पाणी चालतं. या दोन तासांत वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन, पोटाची तपासणी, सगळं उरकून घ्या, म्हणजे बसवून ठेवल्यासारखं वाटत नाही.

आता बोट. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. रावेर-यावलकडे केळीच्या कामावरून आलेली बाई असो की उपकेंद्रात ग्लुकोज कालवणारी आपली ताई, बोटाला चिकटलेला गोडवा थेंबात उतरतो आणि १२० चे १८० दिसतात. स्पिरिटचा बोळा फिरवून तो जात नाही. साबण-पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडा करा (ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा उलट कमी येतो), पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. ग्लुकोज कालवणारी आणि बोट टोचणारी व्यक्ती वेगळी असेल तर उत्तम.

पट्ट्यांची बाटली उघडी राहिली की दमटपणाने पट्ट्या बिघडतात. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात. पत्र्याच्या छताखालचं कपाट मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर जातं. बाटली खालच्या मजल्याच्या, सावलीच्या खोलीत ठेवा. बर्फाच्या पॅकजवळ नको, आत पाणी धरतं. बाटली उघडल्याची तारीख वर लिहा. दर २० चाचण्यांनंतर मशीन सोबत मिळालेल्या द्रावणाने तपासा. मशीन प्लाझ्माच्या (पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या पातळ भागाच्या) मापात दाखवणारं आहे ना, तेही एकदा डब्यावर वाचून घ्या.

रक्त फार कमी असेल तर बोटावरचा आकडा खोटा वाढतो, कारण लाल पेशी कमी असल्या की पट्टीवर प्लाझ्मा जास्त पोचतो. हिमोग्लोबिन ७ म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) साधारण २१; तुमची पट्टी कुठपर्यंत चालते ते तिच्या कागदावर छापलेलं असतं. हिमॅटोक्रिट त्याहून कमी असलेल्या बाईचं शिरेतलं रक्त राखाडी टोपणाच्या फ्लोराइड नळीत घेऊन पाठवा. साध्या नळीत रक्तपेशीच तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात, उन्हात आणखी भराभर. फ्लोराइडचाही परिणाम लगेच होत नाही, पहिला तास-दीड तास थोडी घट होतेच. म्हणून नळी थंड डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

तुमच्या १५२ आणि ११८ बद्दल: पहिल्या दिवशी पद्धत नीट होती असं खात्रीने सांगता येत असेल तर १५२ म्हणजे जीडीएम, कारण सीमा १४० ची आहे. पुढच्या आठवड्यात ११८ आली म्हणून यादीतून नाव काढू नका. नॉर्मल येईपर्यंत चाचणी करत राहणं ही तपासणी नव्हे. हात धुतले होते का, ग्लुकोज तोललं होतं का, हेच आठवत नसेल तर मात्र ११८ वरही विसंबू नका. सगळं नीट पाळून एकदा करा आणि तो आकडा धरा.

तापीकाठ_वैद्यकीय

बारीक बाईचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथेच पहिला अन्याय होतो. गरोदरपणात वारेतून निघणाऱ्या हार्मोनमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ज्या बाईचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवू शकत नाही तिची शुगर वाढते, मग ती ४० किलोची असो की ८०. लहानपणी कुपोषण झालेल्यांत ही ताकद कमी असण्याची शक्यता असते. "लठ्ठ असेल, घरात मधुमेह असेल तरच तपासा" ही चाळणी आपल्याकडच्या बायकांना गाळून टाकते. म्हणून केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गरोदर बाईची तपासणी आहे: पहिल्या भेटीत एकदा, ती नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत दुसऱ्यांदा, दोन्हींत किमान ४ आठवडे अंतर. २८ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच आली तर एकच. दोन तासांनी १४० किंवा जास्त म्हणजे जीडीएम. ही एकाच भेटीतली पद्धत आपल्या देशात रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा. त्यांचा जन्मदिवस १० मार्च हा जीडीएम जागृती दिन म्हणून पाळतात.

दुसरी गोष्ट खास सातपुड्यासाठी. एचबीए१सी वर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या रक्तचाचणीवर, भिस्त ठेवू नका. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी फसवं कमी दिसतं. सिकलसेलचा फक्त वाहक असलेल्या बाईतही काही यंत्रांवर आकडा चुकतो. लोह कमी असेल तर उलट वाढून दिसतं. गरोदरपणात तसंही ते खाली सरकतं. शहरातून "एचबीए१सी ५.२, सगळं छान" असा कागद घेऊन आलेल्या बाईचीही ग्लुकोजची चाचणी करा.

उपचाराचा क्रम असा. निदान झालं की दोन आठवडे आहार आणि रोजचं चालणं-काम. मग जेवणानंतर दोन तासांची शुगर. १२० च्या आत असेल तर तेच पुढे. १२० किंवा वर असेल तर गोळी किंवा इन्सुलिन. मेटफॉर्मिन २० आठवड्यांनंतर ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा जेवणानंतर, गरजेप्रमाणे वाढवत दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम. २० आठवड्यांच्या आत औषध लागलं, किंवा गोळीने भागलं नाही, तर इन्सुलिन. सूचनांत ३०/७० चं मिश्र इन्सुलिन सकाळच्या जेवणाआधी असं सुरू करायचं आहे: जेवणानंतरची शुगर १२० ते १६० असेल तर ४ युनिट, १६० ते २०० असेल तर ६, २०० च्या वर ८. मग दर तिसऱ्या दिवशी बघून कमी-जास्त. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर १२० च्या आत हे लक्ष्य. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू करायचं आहे, पहिल्या सुईसाठी बाईला नंदुरबारला धाडायची गरज नसते. पाठवायची ती पहिल्या तिमाहीतच २०० च्या वर असेल, बीपी वाढलं असेल, बाळाची वाढ कमी-जास्त वाटत असेल, किंवा डोस वाढवूनही शुगर उतरत नसेल तर.

नियंत्रणात आल्यावर २८ आठवड्यांपर्यंत १५ दिवसांतून एकदा, नंतर दर आठवड्याला जेवणानंतरची शुगर. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हे सर्वांना सांगा.

धुळे_स्त्रीरोग

वरच्या सरांना एक विचारते. उपाशीपोटी न घेता एकच आकडा बघण्यात ज्यांची फक्त उपाशीपोटीची शुगर वाढलेली आहे त्या बायका सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या निकषांत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यांतलं एक जरी ओलांडलं तरी निदान होतं. गरीब बाईसाठी सोपी चाचणी म्हणजे कमी दर्जाची चाचणी असं व्हायला नको.

तापीकाठ_वैद्यकीय

मॅडम, मुद्दा खरा आहे. काही जणी सुटतात. पण तीन वेळा रक्त, तेही उपाशीपोटी, हे धडगावात ठरवलं तर चाचणीला पोचणाऱ्या बायकांची संख्याच इतकी घटते की त्याहून कितीतरी जास्त सुटतील. मधला रस्ता असा: १४० च्या आत आलेली पण आधीचं बाळ ४ किलोचं, आधी पोटात बाळ गेलेलं, पोटात पाणी जास्त, आठवड्यांच्या मानाने बाळ मोठं, अशी बाई असेल तर तिची उपाशीपोटीची शुगर वेगळी बघावी. अशी बाई मुक्कामाला थांबवता आली तर सकाळी पूर्ण चाचणी करावी. बाकीच्यांना दुसरी चाचणी चुकू देऊ नये, पहिली नॉर्मल आली की दुसरीचा विसर पडतो ही इथली खरी गळती आहे.

कळण्याची_भाकर

आहाराचं मी लिहिते. पहिली चूक असते "भात बंद, भाकर कमी, गोड बंद, केळी बंद" असं सांगून बाईला घरी पाठवण्याची. ४० किलोची बाई अर्धपोटी राहते, शुगरचा आकडा सुंदर येतो आणि बाळ वाढत नाही. जेवण तोडायचं नाही, वाटायचं: तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी.

माप घरातलंच घ्या. ५० ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं. एका जेवणाला दीड भाकरी, सोबत घट्ट डाळीची मोठी वाटी आणि हिरवी भाजी. वरणाचं वरचं पाणी घरातल्या बाप्यांच्या ताटात गेलं तरी चालेल, पण तळाची डाळ मात्र गरोदर बाईला, हे सासूबाईंसमोर सांगा, कारण वाढणारा हात त्यांचा असतो. एका वाटीत ३० ग्रॅम तरी कोरडी डाळ पडली तर ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. भाकरी ज्वारीची, बाजरीची, मक्याची, कुठलीही चालेल. कळण्याची असेल तर फारच छान, त्यात ज्वारीसोबत सालाचा उडीद दळलेला असतो. मधल्या वेळी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं, ताक. अंबाडी, मेथी, शेवगा, पावसाळ्यातल्या रानभाज्या हव्या तितक्या. वांग्याचं भरीत चालतं, नदीकाठी सुकी मासळीही. वजन वाढत नसेल तर भाकरी वाढवण्याआधी शेंगदाणा, तेल, अंडं, डाळ वाढवा.

ज्यांना निरुपद्रवी समजतात तेच त्रास देतात. गुळाचा चहा: गूळ आणि साखर शुगरच्या बाबतीत सारखीच, दोन चमचे घालून पाच कप झाले की ५० ग्रॅम. साबुदाणा: ६० ग्रॅम कोरडा म्हणजे ५० च्या वर कर्बोदकं, प्रथिन जवळजवळ नाही. भगर उपवासाची म्हणून हलकी वाटते पण शेवटी धान्यच, भाकरीच्या जागी खायची, भाकरी खाऊन वरून नाही. मोहाच्या वाळलेल्या फुलात मुख्यतः साखर असते, उकडून खायची सवय असेल तर मूठभरावर थांबवा. शेवभाजी खायची तर रस्सा जास्त, शेव कमी.

सातपुडा_उपकेंद्र

खूप उपयोगी. अंगणवाडीतलं अमृत आहाराचं जेवण बंद करायला सांगू का? त्यात लाडू असतो, कधी केळं. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय सांगायचं?

कळण्याची_भाकर

बंद मुळीच नको ताई. कितीतरी बायकांच्या दिवसातलं तेच एक पूर्ण ताट असतं. भाकरी-भात दोन्ही असेल तर एकच घ्यावं, डाळ-भाजी पूर्ण, अंडं आणि केळं यांत पर्याय असेल त्या दिवशी अंडं. गूळ-शेंगदाण्याचा लाडू जेवणाबरोबर खाऊ नये, अर्धा चार वाजता, अर्धा दुसऱ्या दिवशी, किंवा तेवढेच नुसते दाणे सेविकेकडून मागून घ्यावेत. केळंही तसंच: मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणून अर्धं, तेही दाण्यांसोबत, दोन जेवणांच्या मध्ये. जळगाव जिल्ह्यात केळी बंद सांगितली तर कोणी ऐकणार नाही आणि गरजही नाही.

आखाजीला पुरणपोळी आणि आमरस एकाच ताटात आले की दोन तासांनी २०० गाठते. अर्धी पोळी तुपासोबत आणि दोन चमचे रस, भात त्या जेवणात नाही, आणि झोक्यावर बसायच्या आधी थोडं चालणं. सणाच्या दिवशी माहेरच्या माणसांसमोर बाईने "नको" म्हणणं अवघड असतं, तेव्हा आशाताईने घरातल्या मोठ्या बाईला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.

शिरपूर_परिचारिका

इन्सुलिनबद्दल. आधी सुई बघा मग बाटली. सरकारी पुरवठ्यातली बाटली बहुतेक ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० ची असते. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजवर १२ च्या रेघेपर्यंत ओढलं तर शरीरात जातात ४.८ युनिट, आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत, तर जातात ३० युनिट. बाई शेतात कोसळेल. बाटली आणि सिरिंज एकत्र रबर लावून द्या, आणि मेडिकलमधून सिरिंज घ्यायची वेळ आली तर जुनं लाल टोपण दाखवून घ्यायला सांगा. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. डोसच्या रेघेवर सिरिंजला चिकटपट्टीची खूण केली की चूक होत नाही. डोस बदलला की खूण बदला.

ठेवायचं कसं. मुख्य साठा आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट गेलेलं असतं. घरी एका वेळी एकच बाटली द्या. १० मिलीच्या ४० च्या बाटलीत ४०० युनिट असतात. दिवसाला १२ लागत असतील तर महिनाभर पुरतात, आणि उघडलेली बाटली तशीही ४ आठवड्यांनी टाकायची असते.

घरात दोन माठ लागतात, एकात एक बसणारे, न रंगवलेले. मधल्या फटीत वाळू भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. आतल्या माठात पाणी नाही. बाटली छोट्या कोरड्या डबीत घालून आत, वरून ओलं फडकं. जागा सावलीची आणि वाऱ्याची, चुलीपासून लांब. खानदेशच्या मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून माठ चांगला गारवा धरतो. जुलैत दमट हवेत गारवा कमी मिळतो, पण तेव्हा बाहेरची उष्णताही उतरलेली असते. बाटली बर्फात पुरू नका.

मिश्र इन्सुलिन तळव्यांमध्ये दहा-वीस वेळा हळू फिरवायचं, हलवायचं नाही. फिरवल्यावर एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. गुठळ्या तरंगत असतील किंवा काचेला आतून पांढरा थर धरला असेल तर ती बाटली टाका.

सुई आणि जेवण यांत अर्धा तास. घड्याळ नसेल तर खूण द्या: चूल पेटली, पीठ मळायला घेतलं की सुई. घरात पीठच नसेल तर आज सुई नाही, आशाताईला निरोप. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी सहा-सातला न खाताच निघतात आणि अकराला वावरात भाकर सोडतात, अशा बाईने सुई घेऊन निघणं धोक्याचं. आधी खाऊन निघणं जमणार आहे का, ते विचारूनच डोसची वेळ ठरवा.

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक भूक: शुगर ७० च्या खाली गेल्याची लक्षणं. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर ग्लासभर पाण्यात, लगेच. बसून राहायचं, १५ मिनिटांनी परत बघायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, मग भाकर. पदराच्या गाठीला साखरेची पुडी कायम असू द्या, आणि ती कशाला हे नवऱ्यालाही माहीत असू द्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, भरली की उपकेंद्रात जमा.

गटप्रवर्तक_यावल

स्थलांतराचं आणि माहेरचं मी सांगते.

दसऱ्यापासूनच यादी काढा: कोण कुठे जाणार, मुकादम कोण, बाई किती आठवड्यांची. जाण्याआधी प्रत्येकीची चाचणी झालीच पाहिजे, २४ आठवडे भरायची वाट बघू नका. २१-२२ आठवड्यांची बाई चार दिवसांनी निघणार असेल तर आज करा. आकडा नॉर्मल आला तरी "दुसरी चाचणी अमुक तारखेनंतर बाकी" असं कार्डावर ठळक लिहा. गुजरातमधल्या नर्सताईंना आपली मराठी नोंद वाचता येईलच असं नाही, म्हणून ग्लुकोजचं माप, वेळ, आकडा, औषध आणि डोस इंग्रजी अक्षरांत-अंकांत लिहा, आणि माता-बाल कार्डाचा फोटो बाईच्या किंवा नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. मोबाईल हरवतो, म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी, औषध, बाळंतपण मोफत. हे तोंडी सांगून चालत नाही, जायच्या आधी दोनदा म्हणवून घ्या. सुईवर असलेल्या बाईला शक्यतो जाऊ नको म्हणावं लागतं. ती राहिली तर मजुरी बुडते, म्हणून बुडीत मजुरीच्या आणि मातृवंदना योजनेच्या मदतीचा अर्ज त्याच बैठकीत भरा, नुसता सल्ला देऊन उठू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, शुगरवाल्या बायकांची जेवणानंतरची चाचणी त्या दिवशी बांधून घ्या. मधल्या आठवड्यांच्या चाचण्या आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी बाई तशीही खाली उतरते आणि तिची मजुरी बुडत नाही. बाळंतपणाला १०२ ची गाडी रस्ता असेल तिथपर्यंतच येते. नर्मदाकाठच्या पाड्यांत बोट, नाहीतर झोळी. ३८ आठवडे झाले की औषधावरची बाई रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे किंवा दवाखान्यात आणून ठेवा.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई अक्कलकुव्याहून शहाद्याला गेली की सासरच्या उपकेंद्राच्या नोंदीत ती "गेली" आणि माहेरच्या नोंदीत "आलीच नाही". गळती इथे होते. निघायच्या दिवशी माहेरच्या आशाताईचा नंबर लावा, आकडा आणि डोस बोलून सांगा, आणि तिने नाव लिहून घेतल्याचा उलट फोन येईपर्यंत आपल्या यादीतून नाव खोडू नका.

बोलताना अहिराणी घरात इतकं पुरतं: "रंगतमा साखर वाढेल शे. तुनी काही चूक नही. भाकर बंद नको करू, थोडी थोडी करीसन खाय." पावरा-भिल्ल पाड्यात अहिराणीही पोचत नाही, तिथे त्याच पाड्याची आशा बोलली पाहिजे, आणि आपण गप्प बसून ऐकायचं.

सातपुडा_उपकेंद्र

बाळंतपणानंतर काय काय चुकतं तेही कोणी सांगाल का?

शिरपूर_परिचारिका

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत अंगावर. मध, गूळपाणी, घुटी काही नाही. आईच्या पोटात साखर जास्त मिळत होती, बाळाचं स्वादुपिंड इन्सुलिन ओतत असतं आणि नाळ कापली की बाळाची शुगर पडते. जन्मानंतर एका तासाने टाचेवरचं रक्त तपासा, मग दर चार तासांनी पुढचं दूध द्यायच्या आधी, चार आकडे स्थिर येईपर्यंत. ४५ च्या खाली म्हणजे कमी. ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा आणि परत तपासा. थरथर, निपचित पडणं, निळसर पडणं दिसलं तर लगेच विशेष नवजात कक्षात, वाटेत छातीशी धरूनच. "बाळ चांगलं साडेतीन किलोचं, गुटगुटीत आहे" म्हणून ही तपासणी सुटते. नेमकं त्याच बाळाला तिची जास्त गरज असते.

बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं, फक्त जीडीएम आहे म्हणून सिझेरियन करायचं नसतं. बाळंतपण झालं की बहुतेकींचं इन्सुलिन थांबतं, पण ते डॉक्टरने सांगून.

गटप्रवर्तक_यावल

आणि सहा आठवड्यांची चाचणी. ही बहुतेक जागी होतच नाही. बाळाची दीड महिन्याची लस त्याच दिवशी असते, तीच धरा. ही चाचणी मात्र उपाशीपोटी: आधी एक रक्त, मग ७५ ग्रॅम, मग दोन तासांनी दुसरं. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० असेल तर मधुमेह, १४० ते १९९ म्हणजे काठावर. बाळंतिणीला उपाशी फार वेळ बसवता येत नाही, म्हणून तिला रांगेत पहिली घ्या, सकाळी साडेआठच्या आत. बाळाला दूध पाजत बसू द्या, लस मधल्या दोन तासांत टोचा, आणि दुसरं रक्त घेतलं की लगेच भाकर-भाजी तिच्या हातात असू द्या. डबा घरून आणायला आदल्या दिवशी सांगायचं. विसरली तर अंगणवाडीच्या ताटातलं काढून ठेवायचं. डिंकाचे लाडू रोज सकाळी चालू असतात, ते त्या दिवशी चाचणीआधी नकोत, एवढं तिच्या आईला आवर्जून सांगा.